लपाचोखालच्या पुड्या

४ ऑगस्ट, मंगळवार

चाळीस मिनिटं चालले! डॉक्टरांनी वीस सांगितली होती. नवाकोरा गुडघा बसवून घ्यायचा आणि मग खुर्चीत बसून त्याला जपायचं, हे मला जमणारं नाही.

गल्लीच्या टोकाचा लपाचो फुललाय. एक पान नाही झाडावर, नुसता गुलाबी. आणि बुंध्याशी — बिअरचे चार डबे, बर्फाच्या दोन पिशव्या, चिपाचा, म्हणजे चीजच्या पावाचा, तेलकट कागद, एक चप्पल (डावी). मान वर करून बघत होते ती खाली घालावी लागली.

५ ऑगस्ट, बुधवार

निखारे उचलायचा लांब चिमटा आणि एक पोतं घेऊन गेले. वाकावं लागत नाही. एका फेरीत अर्धं पोतं.

७ ऑगस्ट, शुक्रवार

चौतीस वर्षं वॉर्डात काढली. बेडपॅन बघून पेशंट ओळखायचे. मग कचरा बघून घर का नाही ओळखणार? बिअरचे डबे गॅरेजवाल्या पोरांचे, शनिवारी वाढतात. चिपाचे कागद बसची वाट बघणाऱ्यांचे. सिगारेटची थोटकं कोपऱ्यावरच्या न्हाव्याची — बायकोला सांगितलंय सोडली म्हणून.

येर्बाचा चोथा मी कचऱ्यात धरत नाही. सकाळी दारात बसून येर्बाच्या पाल्याचा कडू चहा प्यायचा आणि चोथा झाडाच्या बुंध्याशी टाकायचा, हे माझी आजीही करायची. झाडाला खतच ते. पण त्यातूनही कळतं. कुणी त्यात पुदिना घालतं, कुणी संत्र्याची साल. लपाचोखाली रोज एक ढीग असतो, त्याला बडीशेपेचा वास येतो. कोण पितं बडीशेप घालून? शोधून काढीन.

९ ऑगस्ट, रविवार

लपाचोशेजारच्या क्रिसांतोशी वाजलं. हा बाबा चाळीस वर्षं पाराग्वाय नदीवर मोठमोठ्या बोटी नीट धक्क्याला लावत होता, आणि स्वतःची कचऱ्याची पिशवी त्याला वेळेवर बाहेर ठेवता येत नाही. गाडी येते सोमवारी, याची पिशवी शनिवारपासून कुंपणाशी. कुत्री फाडतात, रस्ताभर होतं. मी स्पष्ट सांगितलं.

दाढी करत होता तसाच फेसासकट बाहेर आला. म्हणे, "सिस्टर, निवृत्त झालात की वॉर्डच बाहेर आणलात?"

मी म्हटलं, वॉर्डात तुमच्यासारख्यांना मी दोन दिवसांत सरळ केलंय. तो हसला. पिशवी तिथेच.

१२ ऑगस्ट, बुधवार

आज वेगळंच सापडलं. लपाचोखाली, बडीशेपेच्या ढिगात खोचलेली कागदी रुमालाची छोटीशी पुडी. पिळून बंद केलेली. वाटलं च्युइंगगम. उघडली तर गोळी. पांढरी, बारीक, मधोमध रेघ.

ही गोळी मी डोळे मिटून ओळखीन. अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे बाहेर काढते. ज्यांचं हृदय थकलंय त्यांना सकाळी उठल्याउठल्या द्यायची. चुकवायची नाही.

कुणाच्या हातून पडली असेल म्हणावं, तर पडलेली गोळी पुडीत कशी जाईल?

१३ ऑगस्ट, गुरुवार

आणखी एक पुडी.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

आणखी एक. म्हणजे कुणीतरी रोज सकाळी गोळी न घेता इथे आणून टाकतंय. पाकळ्या एवढ्या पडतात की दहा वाजेपर्यंत ढीग झाकून जातो. जागा हुशारीने निवडली आहे.

अशी किती दिवस चालेल ती व्यक्ती? कुणाचे पंधरा दिवस निघतात, कुणाचा महिना. आधी पाय सुजतात. मग धाप. मग एका पहाटे फुप्फुसात पाणी.

शोधायलाच हवं. आणि मी शोधीन.

१५ ऑगस्ट, शनिवार

मेरीमातेच्या सणाची सुट्टी. फटाके, चर्चच्या घंटा. कुत्र्यांनी क्रिसांतोच्या कुंपणाशी पिशवी फाडली होती. आत मोठ्या माणसांचे डायपर. तीन.

तर असं आहे! एकटा राहतो, वय एकोणऐंशी, बायको जाऊन सहा वर्षं. लघवी आवरत नाही, म्हणून गोळी टाकून देतो. लपाचो त्याच्या दारापासून बारा पावलांवर. जुळलं सगळं. मला आता त्याच्या पिशवीवरून भांडल्याचं वाईट वाटतंय. बिचारा लाजेनं हसत असेल.

उद्या बोलते. हळुवार बोलायला हवं. पुरुषांना या विषयावर समजावणं सोपं नसतं, पण मी शेकड्यांनी समजावलेत.

१६ ऑगस्ट, रविवार

लिहायलाही लाज वाटतेय.

गेले. बसले. म्हटलं, या वयात शरीर आपलं ऐकत नाही, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तो म्हणाला खरं आहे. मी म्हटलं, मी नर्स आहे, माझ्यापासून काय लपवायचं, गोळ्या मात्र घ्यायच्या. तो म्हणाला कुठल्या गोळ्या. मी म्हटलं, पाण्याच्या, आणि डायपरबद्दलही मला माहीत आहे.

तो मग उठून आत गेला आणि एक काळी पिशवी घेऊन आला.

"सिस्टर, माझ्या पिशव्या काळ्या. काल फाटली ती हिरवी. दुसरं कुणीतरी माझ्या कुंपणाशी ठेवतं, कारण तुम्ही मला ओरडता, त्यांना नाही. आणि औषध म्हणाल तर मी आयुष्यात एकच घेतलं, तेही दात काढला तेव्हा."

मग इतका हसला की खोकला लागला. मी पाणी आणून दिलं. निदान पाठीवर थोपटायला तरी नर्स उपयोगी पडली, म्हणाला.

१७ ऑगस्ट, सोमवार

फिरायला गेले नाही. गुडघा दुखतोय असं शेजारी सांगितलं. दुखत नव्हता.

१९ ऑगस्ट, बुधवार

चूक झाली ती झाली. पेशंट अजून सापडलेला नाही.

आज सहालाच निघाले आणि न्हाव्याच्या ओट्यावर बसून राहिले. ऑगस्ट म्हणजे आमचा हिवाळा, थंडी होती. साडेसहाला चार घरं पलीकडचं दार उघडलं. निमिया आपल्या सासूला हाताला धरून बाहेर घेऊन आली, लपाचोखाली वेताच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर शाल, हातात येर्बाचं पात्र, पायाशी गरम पाण्याचा थर्मास. आणि आत गेली — दुपारी बसथांब्यावर खिमा भरलेल्या एम्पानादा विकते, सकाळी तळण असतं.

सासू म्हणजे आमच्या सुनिल्दाबाई. एक्याऐंशी वर्षांच्या. या भागातल्या तीन पिढ्यांना त्यांनी टायपिंग शिकवलं, मलासुद्धा. नर्सिंगला जायच्या आधी सहा महिने मी त्यांच्या क्लासला होते. चुकीच्या बोटाने कळ दाबली की पट्टी बसायची.

बाईंनी शांतपणे येर्बा प्यायली. वर बघत होत्या सारख्या. सात वाजले. मग इकडेतिकडे पाहिलं, बाहीतून पांढरं काहीतरी काढलं, चोथ्यात घातलं, आणि पात्र बुंध्याशी उलटं केलं.

मी उठलेच नाही. त्या आत गेल्यावरच ओट्यावरून उतरले.

२० ऑगस्ट, गुरुवार

आज सात वाजता बाईंच्या शेजारी जाऊन बसले. चोथ्याला बडीशेपेचा वास होताच. पुडी उचलली, त्यांच्या मांडीवर ठेवली.

नाकबूल करतील असं वाटलं होतं. त्यांनी पुडी पाहिली आणि विचारलं, "किती जमल्या तुझ्याकडे?"

म्हटलं, पाच.

"मग बऱ्याच चुकवल्यास. पूर्वीही तुझी एखादी कळ चुकायचीच."

मी रागावले. वॉर्डात रागवायचे तशी, पण हळू आवाजात. या गोळीशिवाय काय होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग स्वतः बोलल्या, ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"गोळी घेतली की दोन तास मी गळत असते, एल्पिदिया. मे महिन्यात इथेच झालं, या खुर्चीत. समोरून शाळेची मुलं चालली होती. त्यातल्या एकाने दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. निमियाने मला आत नेलं, पुसलं. दुसऱ्या दिवशी ते गुंडाळायचं आणलं, आणि म्हणाली, आई, आता आतच बसत जा. तिचं काय चुकलं? तिला दोनच हात आहेत. दोन महिने मी आतल्या खोलीत भिंत बघितली. मग गोळी टाकायला लागले. दिवसा कोरडी राहिले. तिला वाटलं मी सुधारले. तिनेच मला बाहेर आणलं."

म्हटलं, डॉक्टरांना विचारून गोळी दुपारी घेऊ. सकाळ मोकळी राहील. हे तर रोजचं आहे, कितीतरी पेशंटची वेळ आम्ही बदलत होतो.

दुपारी निमिया घरात नसते, म्हणाल्या. मुलगा एलादिओ मालाच्या बोटीवर, वीस-वीस दिवस नदीत. मला संडासापर्यंत कोण नेणार? पडले तर?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्यांनी माझा हात धरला. "ही फुलं पडून जाऊ दे. आठ-दहा दिवस. मग तुझ्यासमोर घेईन. तोवर निमियाला सांगू नकोस. शब्द दे."

मी दिला. बाईंनी बोटं उचला म्हटलं की आम्ही उचलायचो. अजून तसंच आहे.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

घाबरण्यासारखं काही नाही. मी आहे ना. रोज सकाळी पाय बघणार. नडगीवर अंगठा दाबायचा, खड्डा किती वेळ राहतो ते मोजायचं. आज चार सेकंद. बसून बोलताना धाप नाही. ओठ गुलाबी. नऊ दिवस मी हे सांभाळू शकते. याहून अवघड केस सांभाळल्यात.

२३ ऑगस्ट, रविवार

खड्डा पाच सेकंद. मीठ कमी करा म्हटलं. चिपात मीठ नसतं, म्हणाल्या. असतं!

क्रिसांतोने पिशवी आज रात्री बाहेर ठेवतो असा निरोप पाठवला. काळी, असंही सांगितलं.

२६ ऑगस्ट, बुधवार

झाड आता अर्धं खाली आहे. फूटपाथ दिसत नाही. झाडूवाला आला तर बाईंनी त्याला परत पाठवलं — हा कचरा नाही, म्हणे, तो पलीकडचा उचल. त्याने खरंच पलीकडचा उचलला. मी तीन आठवडे सांगत होते तेव्हा ऐकलं नव्हतं.

बाई आज खूप बोलल्या. क्लासमधल्या मुली, कुणाचं लग्न कुणाशी झालं, कोण स्पेनला गेली. मध्ये दोनदा थांबून श्वास घेतला. मी विचारलं. जास्त बोलले म्हणून, म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

सात सेकंद. चपलेचा पट्टा निमियाने कापून सैल केलाय. तिला वाटतं नवी चप्पल आटली.

आज सांगायला हवं होतं. निमिया दारात उभी होती, हाताला पीठ, माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "मावशी, तुम्ही रोज येता म्हणून आई किती खूश असतात."

मी म्हटलं, मलाही बरं वाटतं. आणि घरी आले.

दोन दिवस. रविवारी सांता रोसाचं वादळ येईलच, दरवर्षी येतं. फुलं झडतील. मग शब्द संपला.

३० ऑगस्ट, रविवार

आलं. दुपारी दोनपासून. उत्तरेचा वारा थांबला आणि दक्षिणेकडून काळंकुट्ट. रस्त्याची नदी झाली, बाटल्या, फांद्या, कुणाची तरी प्लास्टिकची खुर्ची, सगळं वाहत गेलं. मी उचललेली पोती वाहिली नाहीत, ती सोमवारीच गाडीत गेली. आमच्या कोपऱ्यावरचं गटार यंदा तुंबलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं.

उद्या सकाळी बाईंना गोळी माझ्यासमोर.

३१ ऑगस्ट, सोमवार

सहा वाजता निघाले. निमिया रस्त्यात उभी, अनवाणी, चिखलात. मला बघून नुसती हात हलवत होती.

बाई पलंगाच्या कडेला बसलेल्या. ओठ निळे. श्वास घेताना आत बुडबुडे ऐकू येत होते. फेस. डोळे माझ्यावर, पूर्ण शुद्धीत.

मला जे येतं ते केलं. पाय खाली सोडले, पाठीशी उशा, खिडकी उघडली, निमियाला शंभर-शंभर वेळा सांगितलं आडवं करू नकोस. रुग्णवाहिकावाले म्हणाले रस्त्यावर झाड पडलंय, तास लागेल. मी क्रिसांतोच्या दारावर हातानं, मग चिमट्यानं वाजवलं. तो त्याच्या जुन्या ट्रकची किल्ली घेऊन झोपायच्या कपड्यांत बाहेर आला. पुढच्या सीटवर बाई मधे, ताठ बसवलेल्या, मी एका बाजूने धरून. निमिया मागे उघड्यावर, ताडपत्रीवर. क्रिसांतो पाण्यातून असा गेला जसा बोट नेतोय.  वीस मिनिटं.

इमर्जन्सीत मी डॉक्टरला सांगितलं, तीन आठवड्यांहून जास्त दिवस पाण्याची गोळी घेतलेली नाही.

निमिया मागेच उभी होती.

१ सप्टेंबर, मंगळवार

जिवंत आहेत. दोन लिटर पाणी काढलं. ऑक्सिजन चालू.

कॉरिडॉरमध्ये निमियाने विचारलं, मला कधीपासून माहीत होतं. खोटं सांगितलं असतं तर कदाचित विश्वास ठेवला असता.

म्हटलं, एकोणीस तारखेपासून.

ती ओरडली नाही. खाली बसली, बाकावर नाही, जमिनीवर. म्हणाली, "रोज माझ्या दारात येत होतात. रोज मी तुम्हाला खुर्ची दिली."

मी उभीच राहिले. मग निघून आले. बसमध्ये बसायला जागा होती, बसले नाही.

३ सप्टेंबर, गुरुवार

फिरणं नाही. पोतं दाराआड.

सगळं उलट मोजून पाहिलं. चूक कुठे झाली? शब्द दिला ती एक. पण त्याच्याही आधी एक आहे. बाई म्हणाल्या होत्या, दुपारी मला संडासापर्यंत कोण नेणार? मी गप्प बसले. म्हणे उत्तर नव्हतं. उत्तर समोर बसलं होतं — निवृत्त, एकटी, नवा गुडघा, दुपारी दोन ते चार रेडिओ ऐकत लोळणारी. गोळीची वेळ बदला म्हणून सांगितलं, माझा वेळ देते म्हणाले नाही. सुचलंसुद्धा नाही. चौतीस वर्षांची नर्स!

४ सप्टेंबर, शुक्रवार

निमियाकडे गेले. बसथांब्यावर, तिच्या गाडीशी. गिऱ्हाईक होतं, थांबले. मग म्हटलं, माफी मागायला आलेय आणि एक काम मागायलाही. बाई घरी आल्या की रोज दुपारी दोन ते चार मी येईन. गोळी दोनला, माझ्या हातून. संडास, कपडे, सगळं मी बघेन. सकाळ त्यांची मोकळी. बाईंच्या डॉक्टर बोगारीनना विचारलंय, वेळ बदलायला त्यांची हरकत नाही, फक्त चुकायला नको.

तिने तेलातून एम्पानादा काढल्या. एकेक, निथळून. 

"मी त्यांना आत बसवलं," म्हणाली. "ते तुम्हाला सांगितलं त्यांनी?"

म्हटलं, सांगितलं. तुझं काय चुकलं, असंही म्हणाल्या.

तेव्हा ती रडली. आधी तिने चिमटा खाली ठेवला, गॅस बंद केला, मग रडली. मला एक एम्पानादा कागदात बांधून दिली. मी खाल्ली आणि कागद घडी करून खिशात घातला, तर तिला रडता रडता हसू आलं.

८ सप्टेंबर, मंगळवार

बाई घरी. चार किलोंनी हलक्या, पाय पुन्हा पायांसारखे. मला पाहून म्हणाल्या, "तू सांगितलंस." म्हटलं, हो. "चांगलं केलंस. मला बोलता येत नव्हतं."

दोन वाजता गोळी. चार वेळा संडास. दर वेळी माझ्या खांद्यावर हात आणि तक्रार — चाल नीट, गुडघा वाजतोय तुझा. मधल्या वेळात मला टायपिंगच्या धड्याची पहिली ओळ म्हणायला लावली. बोटांनी, चादरीवर. दोन चुका.

१२ सप्टेंबर, शनिवार

गुलाबी संपला. झाड उघडं, आता बारीक पालवी. बाईंची फुलं बघून व्हायची राहिली होती, पण क्रिसांतोने सांगितलं, दोन गल्ल्या पलीकडे पिवळा लपाचो आत्ता फुलतोय. ट्रकमध्ये खुर्ची घातली आणि नेलं आम्ही. बाई खाली बसल्या, आम्ही दोघं बुंध्याभोवती उचलत राहिलो — हो, क्रिसांतोसुद्धा! स्वतःचे हातमोजे घेऊन आला होता. म्हणाला, बोटीवर डेक मी कधी अस्वच्छ ठेवला नाही, रस्ता माझा आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मी सांगितलं होतं. चार वेळा.

हिरवी पिशवी कोण ठेवायचं तेही आज कळलं. निमिया. मला घाबरून. आता ती सोमवारी पहाटे ठेवते, स्वतःच्या दारात.

१७ सप्टेंबर, गुरुवार

दहा दिवस, एकही गोळी चुकली नाही. अंगठा दाबला, खड्डा पडत नाही. मी सांभाळू शकते हा माझा विश्वास उगीच नव्हता, फक्त एकटीने सांभाळायचं नसतं.

एलादिओ नदीवरून आला. बाईंनी त्याला सांगितलं, ही एल्पिदिया, हिच्यामुळे मी मरता मरता राहिले आणि मग हिनेच मला वाचवलं. तो गोंधळला. मग त्याने माझे दोन्ही हात धरले.

२१ सप्टेंबर, सोमवार

वसंताचा दिवस, पोरांचा दिवस. मैदानात रात्रभर गाणी. सकाळी पाहिलं तर पाय ठेवायला जागा नाही — ग्लास, बाटल्या, फुगे, कागदी फुलं, कुणाचा तरी फाटलेला प्रेमपत्राचा अर्धा कागद (वाचला, स्पेलिंग वाईट). पूर्वी मी चिडले असते. आज चौघं होतो. मी, क्रिसांतो, निमिया तळण लावायच्या आधी अर्धा तास, आणि बाई खुर्चीतून हुकूम सोडत. तिथली तीन पोरं अजून झोपेत डोलत बसली होती. बाईंनी त्यांना नावं विचारली, मग आडनावं, मग म्हणाल्या, तुझ्या आजीला मी शिकवलंय, ऊठ. तिघंही उठली. आठ वाजेपर्यंत अकरा पोती.

दुपारी दोनला गोळी घेतल्यावर बाईंचा डोळा लागला. मी शेजारी बसून राहिले. इतकं शांत मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

२४ सप्टेंबर, गुरुवार

या वहीत सगळं लिहिलं, एक सोडून. डाव्या स्तनात गाठ आहे. फेब्रुवारीत अंघोळ करताना हाताला लागली. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळीही कुणाला दाखवली नाही. ती काय असू शकते हे मला कुणी सांगायला नको, म्हणूनच कुणाला विचारलं नाही.

आज दुपारी बाईंना सांगितलं. त्यांनी लगेच निमियाला हाक मारली.

उद्या सकाळी सातला तिघी हॉस्पिटलला निघतोय.